एट्रुस्कन सिनेमा आणि गल्फची पेटी

नोव्हेंबर लागला की इथं गल्फमध्ये, उम्म अल कुवैनला, आमच्या बिल्डिंगीतले एसी एकेक करून बंद होतात आणि शेजारी ऐकू यायला लागतात. एप्रिलपासून त्या घरघरीची इतकी सवय झालेली असते की ती थांबल्यावर आधी आपल्याच कानात काहीतरी बिघडलंय असं वाटतं. मग हळूहळू उलगडा होतो. ही वरच्या मल्याळी घरातली कुकरची शिट्टी, हा खालच्या पठाण ड्रायव्हरचा खोकला. खिडकी उघडली की खाडीवरून खारट, जरासा कुजकट वास आत येतो, खारफुटीचा. वसईला आमच्या घरी ओहोटीच्या वेळी असाच वास यायचा, म्हणून मला तो आवडतो. माझी मुलगी एलिशा मात्र नाक मुरडते. ‘मम्मा, क्लोज इट, इट स्टिंक्स.’ जुमेरा लेक टॉवर्समध्ये मैत्रिणींबरोबर राहते ती, तिथं तळंसुद्धा रोज पुसल्यासारखं दिसतं.

या नोव्हेंबरात वासाबरोबर तो सिनेमाही परत आला. एलिशा शुक्रवारी रात्रीच आली होती, सकाळी मी कोलंबी सोलत बसले होते आणि ती सोफ्यावर पाय पसरून टीव्हीवर काहीतरी शोधत होती. एकदम हसली. ‘लुक, युवर ग्रेव्ह रॉबर मूव्ही!’ माझा सिनेमा म्हणे. जणू मीच काढला होता. लाव म्हटलं. आणि कोलंबीचं भांडं मांडीवर घेऊन मी पुन्हा त्या इटालियन डोंगराकडे बघत बसले. वर्षभर मनात एक सिनेमा घेऊन हिंडत होते, तो आणि पडद्यावरचा हा एकच आहे का, असा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतच पडायला लागला.

गेल्या नोव्हेंबरात तो पाहिला तोसुद्धा चुकूनच. एलिशाला दुसराच कुठलातरी बघायचा होता, त्याची तिकिटं संपली होती. ‘चल, हा बघू, मिस्ट्री आहे,’ म्हणाली. मी तेव्हा हमरिया फ्री झोनमध्ये नव्या नोकरीला लागले होते, डोकं आधीच फिरलेलं. त्यात मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी लावत असतानाच वसईहून नेल्सनचा फोन आला. नेल्सन माझा धाकटा दीर.

‘वहिनी, आईने परत तेच धरलंय,’ तो म्हणाला. ‘मला पास्कलच्या थडग्यात ठेवा म्हणते.’

पास्कल म्हणजे माझा नवरा. करोनाच्या आधीच्या उन्हाळ्यात तो इथंच गेला, हार्ट अटॅकने, आणि वसईला नेऊन त्याला पुरलं. सासूबाई तेव्हा खणखणीत होत्या. गेल्या वर्षी मात्र त्यांनी अंथरूण धरलं आणि मग हा एकच हट्ट.

‘मग ठेवा की,’ मी म्हटलं. ‘आपल्याकडे ठेवतातच.’

‘तसं नाही वहिनी. फादर म्हणाले, बायको हो म्हणाली तरच उघडायचं. आणि एक विचारायचं होतं.’ तो जरा घुटमळला. ‘पेटी कसली होती ती? आतून पत्रा होता का?’

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांना हे ऐकून शहारा येईल, म्हणून सांगते. वसईत जमीन थोडी आणि माणसं फार. दफनभूमीत प्रत्येकाला कायमची जागा कुठून मिळणार? काही वर्षं गेली की थडगं उघडतात, हाडं गोळा करून नीट बांधून कडेला ठेवतात आणि घरातल्या पुढच्या माणसाला तिथं जागा करून देतात. बापाच्या जागी आई, आईच्या जागी काका. त्यात भिण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. लहानपणी मी माझ्या आजोबांची हाडं उन्हात पाहिलेली आहेत, आणि त्यानंतर घरी येऊन जेवलेही आहे. पण या रीतीला एकच गोष्ट लागते. मातीने आपलं काम केलेलं असलं पाहिजे.

आणि गल्फहून आलेल्या माणसाचं काम माती लवकर करत नाही, हे वसईत आता सगळ्यांना कळून चुकलंय. विमानाने न्यायचं म्हणून त्याला औषधं टोचलेली असतात. वर पेटी भक्कम, आणि आतून पत्रा असला तर माती पोचतच नाही. एका घरी असंच उघडलं तेव्हा आतला माणूस झोपल्यासारखा होता म्हणे. बायका किंचाळल्या, पुन्हा माती लोटली, आणि ज्याला ठेवायचं होतं त्याला दुसरीकडे नेलं. आता तर आमच्याकडे पेटीशिवायच, सुती कपड्यात गुंडाळून पुरायची पद्धत सुरू झालीय. पण पास्कलच्या वेळी पेटीच होती. आणि ती मी निवडली होती.

नेल्सनला काय सांगू? मला आठवेना. त्या उन्हाळ्यातलं नको ते सगळं आठवतं. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता इतकं तापलेलं होतं. एम्बामिंग सेंटरच्या बाकावर कुणीतरी अर्धी राहिलेली लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली ठेवून गेलं होतं. कंपनीची सरकारी कामं बघणारा पीआरओ, बिचारा सुदानी माणूस, सारखा म्हणत होता, ‘सिस्टर, डोन्ट वरी, खलास, एव्हरीथिंग खलास.’ त्याला म्हणायचं होतं, कागदपत्रं झाली. आणि पेटी दाखवणाऱ्याला मी हिंदीत म्हणाले होते, ‘भैया, सबसे मजबूत वाली दो.’ हे मात्र शब्द न् शब्द आठवतं. गल्फला राहिलेला माणूस घरी जाताना नेतो ते सगळं चांगल्यातलं नेतो, मग तो मिक्सर असो की ब्लँकेटं. शेवटचा जातोय तर पेटी हलकी कशी चालेल? पॉलिश केलेली, पितळी कड्यांची पेटी गावात उतरली तेव्हा लोक रडता रडता तिच्यावरून हात फिरवत होते. नेल्सनने फोटो काढून ठेवला होता. आत पत्रा होता की नव्हता, तेवढं कुणीच बघितलं नाही. मी आत बघितलं, पण पास्कलला बघितलं.

तर असा प्रश्न डोक्यात घेऊन मी त्या थंडगार थिएटरात शाल पांघरून बसले, आणि पडद्यावर काय तर थडगी!

सिनेमाची गोष्ट सांगायची तर मला ती आजही धड सांगता येणार नाही. इटलीत रोमन लोकांच्या आधी एट्रुस्कन नावाचे लोक राहायचे. त्यांची घरं लाकडामातीची होती, ती गेली. मेलेल्यांसाठी मात्र त्यांनी दगडात खोल्या कोरल्या, त्या उरल्या. भिंतींवर जेवणावळी रंगवलेल्या, नाचणारी माणसं, बासरीवाले, पक्षी. शवपेट्यांच्या झाकणांवर दगडी नवराबायको कोपरावर रेलून पडलेले, रविवारच्या दुपारी गप्पा मारताना पडतात तसे. गावातला एक म्हातारा ड्रॉइंग मास्तर या लोकांपायी वेडा झालेला. दिवसभर त्यांच्याबद्दल बोलतो, त्यांची वाचता येणारी पण न कळणारी भाषा मोठ्यांदा वाचतो. आणि गावात कुणीतरी ही थडगी फोडतंय. रोमहून कुरळ्या केसांची एक इन्स्पेक्टर येते. जुन्या वस्तूंचा एक दाढीवाला दलाल मरून पडतो. इथपर्यंत छान चाललं होतं. मग मध्येच दलालाचा जुळा भाऊ उपटला. मग इन्स्पेक्टरला स्वप्नं पडायला लागली. एका दृश्यात दहा मिनिटं नुसत्या बकऱ्या. दलालाला कुणी मारलं हे दिग्दर्शक शेवटी विसरूनच गेला असावा. खाली इंग्रजी, त्याच्याखाली अरबी, आणि पुढच्या रांगेतला माणूस पॉपकॉर्नच्या बादलीत हात घालून झोपलेला. मी मात्र टक्क जागी.

कारण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नव्हती. थडगी उघडली जात होती, पण चोरीला काहीच जात नव्हतं. इन्स्पेक्टर चक्रावलेली. सोन्याचं कानातलं तिथंच, घट तिथेच. फक्त आतली हाडं एका कडेला सारलेली, नीट, डोकं वरती ठेवून. तिच्या वरच्या साहेबाने नाना तर्क लढवले. सैतानाची पूजा म्हणे. मला इतकं हसू आलं! मी एलिशाच्या कानात म्हटलं, ‘अगं, तो जागा करतोय.’

‘व्हॉट?’

‘मास्तर. त्याची बायको आजारी दाखवली ना मघाशी? दोनदा दाखवली आणि मग दिसली नाही. ती गेली. तिच्यासाठी जागा करतोय तो.’

‘मम्मा, नोबडी डझ दॅट.’

नोबडी! तिचा अख्खा गाव तेच करतो.

पण माझं हसू फार टिकलं नाही. पुढे एक दृश्य आहे. मास्तर एका न उघडलेल्या खोलीची शिळा सरकवतो आणि टॉर्च आत टाकतो. आत दगडी बिछान्यावर एक माणूस पडलेला आहे, सबंधच्या सबंध. चेहरा, दाढी, छातीवरचे हात, सगळं जागच्या जागी. मास्तर बघत राहतो, आणि बाहेरची हवा आत शिरते, आणि आपल्या डोळ्यांदेखत तो माणूस खचतो. आवाज नाही, काही नाही. धूळ. मास्तर तिथंच बसून रडतो. मी शाल तोंडाशी धरली. पास्कल तसाच असेल तर? त्या मजबूत पेटीत, निळ्या सुटात, भांग पाडलेला, जसाच्या तसा? आणि उघडायला हो म्हणणारी मी?

खरं सांगायचं तर तो तसाच असावा असं मला वाटत होतं. आणि तसाच असला तर सासूबाईंना तिथं जागा नाही, हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी हवं कसं असेल, पण होतं.

सिनेमा सुटल्यावर आम्ही गाडीत बसून करक चहा प्यायलो. एलिशाला मी पहिल्यांदाच नेल्सनच्या फोनचं सांगितलं.  ती म्हणाली, ‘डोन्ट लेट देम. प्लीज, मम्मा. लेट डॅड बी.’

‘आणि आजी?’

‘देअर आर अदर प्लेसेस फॉर आजी.’

‘तिला तिथंच हवंय.’

‘अँड व्हॉट डू यू वॉन्ट?’

हा प्रश्न मला या सगळ्यात कुणी विचारला नव्हता.  मी म्हटलं, चहा सांडेल, कप नीट धर.

मग दोन आठवडे माझं हेच चाललं. गाडीतून हमरियाला जाताना वाटेत एक कुंपण लागतं, त्याच्या आत वाळूखाली हजारो वर्षांपूर्वीची थडगी सापडलेली आहेत. नोकरी नवी असली तरी रस्ता जुनाच, इतकी वर्षं जातेय तिथून, कधी मान वळवली नव्हती. आता रोज वळायची. या ओसाड वाळूत कुणीतरी कुणाला तरी ठेवून गेलं, आणि ठेवताना हे कायमचं असंच त्यालाही वाटलं असणार. मी इथं तीस वर्षं काढली. घर भाड्याचं, व्हिसा दोन-दोन वर्षांचा, गाडीसुद्धा बँकेची. वाटायचं, निदान वसईची ती सहा फूट जागा तरी आपली. तर तीही पाळीपाळीनेच वापरायची. कधी हे वाटून बरं वाटायचं, सगळेच पाहुणे म्हणून. कधी इतका संताप यायचा की हॉर्न दाबून धरावासा वाटायचा.

एका शनिवारी मी खाडीवर गेले होते. थंडीचे रोहित पक्षी आले होते, उथळ पाण्यात माना खाली घालून उभे. तिथं फोन वाजला. सासूबाईच होत्या, नेल्सनच्या बायकोने फोन लावून दिला होता. आवाज अगदी बारीक झालेला.

‘जेवलीस का?’

‘हो आई. तुम्ही?’

‘मी काय, पेज.’ मग जरा दम खाऊन म्हणाल्या, ‘ऐक. नेल्सनला मी सांगितलंय ते. पण तुला यायचं असेल तिथं, तर तसं सांग. मी दुसरीकडे बघते.’

 या बाईने मला पंचवीस वर्षं कधी आपल्या खुर्चीवर बसू दिलं नव्हतं.

‘तू कुठे येणार आहेस पण?’ त्यांनीच विचारलं. ‘तिकडे की इकडे?’

‘माहीत नाही, आई.’

‘बघ मग. ठरव. माझ्याकडे फार वेळ नाही.’

‘तुम्ही जा तिथं,’ मी म्हटलं. ‘मी सांगते नेल्सनला.’

हो म्हणाले मी. का म्हणाले, हे अजूनही मला नीट कळलेलं नाही. त्यांची दया आली म्हणून, की त्यांनी विचारलं म्हणून, की मला इकडे की तिकडे हे ठरवायचं नव्हतं म्हणून? नेल्सनला सांगितलं, पत्र्याचं मला ठाऊक नाही. उघडून बघा. तसाच असला तर पुन्हा झाका, आणि मला सांगू नका. एलिशा चार दिवस बोलली नाही.

परवा तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघताना मी एका दृश्याची वाट बघत होते. मास्तर जमिनीवर पांढरी चादर अंथरतो, एकेक हाड उचलून तिच्यावर ठेवतो, आणि चारी टोकं धरून गाठ मारतो. माझ्या तर्काचा तोच पुरावा होता. वर्षभर मी तो सगळ्यांना सांगत आले. सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली. चादर आलीच नाही.

‘इथं चादरीचा सीन होता,’ मी म्हटलं.

‘नो मम्मा. देअर वॉज नेव्हर एनी चादर.’

‘थिएटरात होता.’

‘आय वॉज सिटिंग नेक्स्ट टू यू.’

मागे नेऊन नेऊन बघितलं. चादर नाही. मास्तरची बायकोही दोनदा नव्हे, एकदाच दिसते, आणि ती कदाचित बायको नसून बहीण असावी. म्हणजे तो काय करत होता? मग हाडं कुणी सारली? आणि जागा करतोय हे मला इतकं लख्ख दिसलं ते कुठे? कोलंबी तशीच राहिली, हात धुऊन मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. एलिशा आली, तिने खिडकी बंद केली नाही.

सासूबाई गेल्या त्या मागच्या वर्षी, डिसेंबरच्या सुरुवातीला. मला जाता आलं नाही. माझा व्हिसा जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे चालला होता, मध्येच देशाबाहेर गेलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एलिशा एकटी गेली, सकाळच्या फ्लाइटने. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, ‘आय विल स्टँड देअर. यू डोन्ट वरी.’ ती उभी राहील असं मला वाटलं नव्हतं.

मी ऑफिसात होते. नव्या जागी रजा मागायची म्हणजे सगळी कथा सांगायची, ते नको म्हणून गेले होते. अकराच्या सुमारास फोन घेऊन पँट्रीत शिरले आणि दार लोटलं. नेल्सनचा व्हिडिओ कॉल. त्याच्या मागे माडांचे शेंडे दिसत होते आणि फावड्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला.

‘उघडलं, वहिनी,’ तो म्हणाला.

मी विचारलं, ‘कसा आहे?’

विचारून गेल्यावर माझं मलाच कळलं की मी काय विचारलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये विचारतात तसं. नेल्सनही क्षणभर गोंधळला. मग फोन हलला, आकाश दिसलं, आणि त्याचा आवाज फक्त आला.

‘काही नाही राहिलेलं, वहिनी. पत्रा नव्हता. लाकूडपण गेलंय. हाडं आहेत, स्वच्छ आहेत. एलिशा गोळा करतेय.’

‘एलिशा?’

‘ऐकतच नाही. मीच करणार म्हणते. दाखवू का?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘तिला म्हणावं, सावकाश. आणि आईंना ठेवा आता.’

फोन बंद केला आणि सिंकला धरून मी रडायला लागले. त्या उन्हाळ्यात रडले नव्हते तशी. आधी कागद होते, मग पेटी होती, मग विमान, मग आलेली माणसं, मग इतकी वर्षं ती पॉलिश केलेली पेटी जमिनीखाली माझ्यासाठी तशीच होती, आत निळा सूट घालून तो होता. दार उघडून श्रीजा आत आली. एचआरमधली केरळची मुलगी, माझ्याबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने गडबडीने टिश्यूचा अख्खा डबाच पुढे केला.

‘मॅडम, क्या हुआ? कोई एक्स्पायर हुआ क्या?’

‘मेरी सासूमाँ,’ मी म्हटलं.

‘ओह. सॉरी, मॅडम.’

‘और मेरे हजबंड.’

तिचा हात तोंडावर गेला. ‘हजबंड भी? कब, मॅडम?’

मी सांगणार होते, बरीच वर्षं झाली. तोंड उघडलंही.

‘आज,’ मी म्हटलं. ‘अभी.’